श्वासावाटे जाणारे पाणी



आपल्या घरांत पाण्याविषयी जी दक्षता घेतली जाते, ती इतरत्र क्वचितच आढळते. पाणी गाळावे, उकळावे, ठरावीक प्रहरांपर्यंतच वापरावे, हा आचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे कावीळ, विषमज्वर, हगवण अशा पोटावाटे येणाऱ्या विकारांपासून मुलांचे पुष्कळ रक्षण होते, यात शंका नाही. परंतु पाणी केवळ मुखावाटेच शरीरात जाते असे नाही. शॉवरखाली उभे असलेले मूल, कारंज्याजवळ खेळणारे मूल, थंड वाफ सोडणाऱ्या यंत्राशेजारी निजलेले तान्हे बाळ, ही सर्वजण पाणी श्वासावाटेही आत घेत असतात. डोळ्यांना न दिसणारे ते तुषार फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. त्यांच्यासमवेत लिजिओनेला नावाचा जिवाणू असला आणि त्यामुळे न्यूमोनिया झाला, तर त्यास लीजनेअर्सचा आजार म्हणतात.

मुलांमध्ये हा आजार विरळ आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. प्रत्येक खोकल्यामागे तो शोधण्याचे कारण नाही. तरीही या महिन्याचा स्तंभ त्यास देण्याचे कारण असे की, मुलाकडे पाहून अथवा छातीला नळी लावून हा आजार ओळखता येत नाही. तो विचारल्याशिवाय सापडत नाही, आणि त्या विचारण्यास लागणारी माहिती डॉक्टरांपाशी नसून आई-वडिलांपाशी असते.

या आजाराच्या नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या प्रतिष्ठित हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. अधिवेशन आटोपून मंडळी आपापल्या गावी परतली आणि एकामागून एक तीव्र ज्वराने व न्यूमोनियाने अंथरुणास खिळली. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. त्यांपैकी काही जण तर अधिवेशनास गेलेही नव्हते. हॉटेलाबाहेरच्या पदपथावरून चालत गेले होते, एवढेच. अन्न तपासले, पाणी तपासले, विषारी धातूंचा शोध घेतला. काही हाती लागेना. तर्कवितर्कांना ऊत आला. हॉटेलाचा धंदा बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे दरवाजे बंद झाले. कारण मात्र तोवर सापडलेले नव्हते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड या संशोधकाने नाताळच्या सुमारास जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि पूर्वी किरकोळ समजून बाजूस ठेवलेल्या काही दंडाकार जिवाणूंचा चिकाटीने पाठपुरावा केला. जानेवारी १९७७ मध्ये जिवाणू सापडल्याची घोषणा झाली. आजारी पडलेल्या लीजन-सदस्यांवरून त्यास लिजिओनेला हे नाव मिळाले.

इतके दिवस तो का सापडला नाही? प्रयोगशाळेत जिवाणू पाहण्यासाठी जो नेहमीचा रंग वापरतात, तो यास नीट चढत नाही. जिवाणू वाढविण्यासाठी जी नेहमीची पोषणद्रव्ये वापरतात, त्यांवर हा वाढत नाही. शिवाय आपल्या शरीरातील ज्या पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात, त्या पेशींच्याच पोटात हा मुक्काम ठोकून वाढतो. आज जवळपास पन्नास वर्षांनीही एखाद्या बालकाच्या बाबतीत निदान हुकते, त्यामागे बहुधा हीच कारणे असतात. तपासणी झालेली असते, अहवालात ‘काही आढळले नाही’ असेही लिहिलेले असते. पण ती तपासणी या जिवाणूसाठी नव्हतीच.

लिजिओनेला नद्या-तळ्यांत अल्प प्रमाणात असतोच. तेथे तो सहसा कोणाचे काही बिघडवीत नाही. मनुष्याने बांधलेल्या टाक्या, नळ आणि यंत्रे यांत त्यास घर मिळते. साधारणतः २० ते ४५ अंश सेल्सिअस या उष्णतेत तो वाढतो. ३५ अंशांच्या आसपास तर झपाट्याने. नळांच्या आतील बुळबुळीत थरात राहणाऱ्या अमीबासारख्या सूक्ष्म जिवांच्या आत तो वाढतो आणि त्यामुळे क्लोरीनपासूनही काहीसा बचावतो. २० अंशांखाली तो निद्रिस्त राहतो. ६० अंशांवर मरू लागतो, आणि उकळलेल्या पाण्यात तर तगतच नाही. म्हणजे कोमट, साचलेले आणि मग फवाऱ्याच्या रूपाने हवेत उडणारे पाणी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका निर्माण होतो.

व्यापारानिमित्त प्रदर्शनांना जाणाऱ्या आपल्या वाचकांना नेदरलँड्समधील एक घटना बरेच काही सांगून जाईल. १९९९ च्या आरंभी बोव्हेनकार्स्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीस ठेवलेल्या वस्तूंत पाणी खळाळते ठेवणारे आंघोळीचे टब होते. त्यांत कोणी आंघोळ केली नाही; ग्राहकांना दाखविण्यासाठी ते केवळ चालू ठेवलेले होते. शेजारून जाणाऱ्या लोकांनी ते तुषार श्वासावाटे घेतले आणि किमान ३२ जणांचा मृत्यू ओढवला.

ही सर्व उदाहरणे प्रौढांची आहेत. मुलांच्या बाबतीत मन सुन्न करणारी घटना सायप्रस या भूमध्य समुद्रातील बेटावर डिसेंबर २००८ मध्ये घडली. एका खासगी प्रसूतिगृहाच्या नवजात-कक्षात हवा कोरडी पडू नये म्हणून थंड धुके सोडणारे यंत्र ठेवलेले होते. त्याच्या टाकीत भरलेले नळाचे पाणी लिजिओनेलाने दूषित झालेले होते. कक्षातील बाळे पूर्ण दिवसांची होती. त्यांपैकी काहींना न्यूमोनिया झाला आणि तीन बाळे दगावली. हे यंत्र कोणी निष्काळजीपणाने ठेवले नव्हते. बाळांचा श्वास सुखाचा व्हावा या हेतूनेच ते ठेवलेले होते. या प्रकरणातील आणखी एक बाब वैद्यकीय दृष्ट्या फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे तपासण्यांच्या ओघात पुन्हा वळू.

जन्मसमयीच्या पाण्याचाही येथे संबंध येतो. पाण्याच्या कुंडात प्रसूती करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही तिची चौकशी होऊ लागली आहे. जून २०१४ मध्ये इंग्लंडमधील आरोग्य यंत्रणेने, कित्येक दिवस आधी भरून कोमट ठेवलेली प्रसूतिकुंडे घरी वापरू नयेत, अशी सूचना काढली. कारण अशा कुंडात जन्मलेल्या एका बाळाला हाच आजार झाला होता. पाणी ३५ अंशांच्या आसपास दिवसेन्‌दिवस फिरत ठेवणे म्हणजे लिजिओनेलास आमंत्रणच.

मग कोणत्या मुलांविषयी अधिक सावध असावे? नवजात अर्भके प्रथम. त्यानंतर ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशी मुले : कर्करोगावर उपचार घेणारी, अवयव-प्रत्यारोपण झालेली, मूत्रपिंडाच्या अथवा अन्य विकारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी, जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष असलेली. फुप्फुसांचा जुनाट आजार असलेली मुलेही यात येतात. अशी मुले रुग्णालयांत वारंवार राहतात. मोठ्या इमारतींच्या लांबलचक नळवाहिन्या हे तर या जिवाणूचे आवडते ठिकाण. म्हणून रुग्णालयात असताना किंवा तेथून आल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नवा न्यूमोनिया झाला, तर लिजिओनेलाचा विचार अवश्य व्हावा. धडधाकट शाळकरी मुलास हा आजार होतच नाही असे मात्र नाही. क्वचित होतो.

आता लक्षणे. जिवाणू श्वासावाटे आत गेल्यानंतर बहुधा दोन ते दहा दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा आजार सुरू होतो. तीव्र ताप, हुडहुडी, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि मग वाढत जाणारी धाप. कित्येकांना जुलाब वा उलट्या होतात. प्रौढांमध्ये भ्रम होणे, रक्तातील सोडियम कमी होणे, यकृताच्या तपासण्या बिघडणे या खुणांवरून अनुभवी डॉक्टर तर्क बांधतात. मुलांमध्ये या खुणांवर फारसे विसंबता येत नाही. ताप, खोकला आणि जलद श्वास ही लक्षणे तर कोणत्याही न्यूमोनियाची असतात. क्ष-किरण चित्रातील डागही इतर न्यूमोनियासारखेच दिसतात. मात्र ते थोड्या अवधीत पसरत जाणे ही संशयाची जागा आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत खोकल्याची वाट पाहू नये. बाळ अंगावर पिणे सोडते, मलूल पडते, त्याचे अंग तापते किंवा उलट थंड पडते, श्वास भरभर चालतो वा मध्येच थांबतो, ओठांवर निळसर झाक येते. यांपैकी काहीही दिसले तर कारण कोणतेही असो, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. श्वास मोजण्याची रीत प्रत्येक घरात ठाऊक असावी. मूल शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, त्याच्या पोटाचे वरखाली होणे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास असतील, तर तो जलद श्वास होय. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर मोजत बसण्याचेही कारण नाही.

येथवर सांगितले त्यात लिजिओनेलाचे असे वेगळे काहीच नाही. वेगळेपण प्रकट होते ते बहुधा तिसऱ्या दिवशी. न्यूमोनिया झालेल्या मुलास डॉक्टर प्रथम अमॉक्सिसिलिन किंवा त्याच कुळातील प्रतिजैविक देतात, आणि ते सर्वथा योग्य आहे. कारण मुलांमधील जिवाणूजन्य न्यूमोनिया बहुधा ज्या जंतूंमुळे होतो, त्यांवर ते गुणकारी असते. सामान्यतः ४८ ते ७२ तासांत मुलास उतार पडू लागतो. लिजिओनेलावर मात्र या कुळातील औषधांचा उपयोग होत नाही, मग ती तोंडावाटे दिलेली असोत वा सलाइनमधून. तेव्हा औषध वेळेवर आणि पूर्ण मात्रेत देऊनही तिसऱ्या दिवशी ताप तसाच, धाप वाढलेली, क्ष-किरणात डाग पसरलेले, अशी स्थिती असेल तर केवळ ‘आणखी भारी इंजेक्शन’ हा प्रश्न नसतो. निदानाचा पुनर्विचार करण्याची ती वेळ असते. फुप्फुसाभोवती पू झाला आहे काय, क्षय आहे काय, विषाणू आहे काय, मायकोप्लाझ्मा आहे काय, हे सर्व तज्ज्ञ तपासतील. त्या यादीत लिजिओनेलाचे नाव यावे की नाही, हे पुष्कळदा आपण काय सांगतो यावर ठरते.

दुकानाचा रोजमेळ आपण जसा मांडतो, तसा मुलाच्या आजारापूर्वीच्या चौदा दिवसांचा रोजमेळ एका कागदावर मांडावा. मूल कोठे कोठे गेले, कोठे मुक्काम केला, कोणत्या पाण्याचा फवारा अंगावर अथवा आसपास आला. सुटीत हॉटेलात किंवा यात्रेकरूंच्या निवासात राहिलो होतो काय? तेथील खोली बराच काळ बंद होती काय? जलक्रीडा उद्यान, तरणतलाव, बाजारसंकुलातील कारंजे, लग्नमंडपात पाण्याचे तुषार सोडणारे पंखे? घरी थंड वाफेचे यंत्र आहे काय आणि त्यात कोणते पाणी भरतो? दम्यासाठी नेब्युलायझर वापरतो, तर त्याचा मुखवटा व कप कशाने धुतो? इमारतीची टाकी वा नळ दुरुस्तीसाठी नुकतेच उघडले होते काय? मूल कोणत्या कारणाने रुग्णालयात राहून आले काय? घरातील अन्य कोणाला, विशेषतः आजी-आजोबांना, त्याच सुमारास न्यूमोनिया झाला काय? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. लीजनेअर्सचा आजार एकापासून दुसऱ्यास सहसा होत नाही. तेव्हा एकाच घरात दोन न्यूमोनिया निघाले तर दोघांनी एकाच ठिकाणचे तुषार घेतले असण्याचीही शक्यता असते. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत इतके प्रश्न विचारण्यास डॉक्टरांना अवधी मिळेलच असे नाही. कागद हाती असला की ते दोन मिनिटांत वाचून होते.

आता तपासण्यांकडे वळू. येथे थोडा तपशील देणे भाग आहे, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच होतात.

सर्वांत सोपी तपासणी लघवीची. जिवाणूचे अंश लघवीत उतरतात, आणि ते दाखविणारी पट्टी अल्पावधीत निकाल देते. लहान मुलाचे रक्तही काढावे लागत नाही. तपासणी सकारात्मक आली, तर निदानास भक्कम आधार मिळतो. परंतु तिला मोठी मर्यादा आहे. लिजिओनेलाच्या साठाहून अधिक जाती आहेत. त्यांतील न्यूमोफिला या जातीचेही अनेक गट आहेत, आणि प्रचलित लघवी-तपासणी मुख्यतः त्यांतील पहिल्या गटापुरतीच असते. समाजात वावरणाऱ्या प्रौढांमध्ये बहुतेकदा हाच गट आढळतो, म्हणून तेथे ती कामास येते. रुग्णालयात लागण झालेल्या, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत आणि अर्भकांत इतर गट व इतर जातीही आढळतात. सायप्रसची जी बाब वर राखून ठेवली होती ती हीच : त्या बाळांमध्ये सापडलेला जिवाणू तिसऱ्या गटाचा होता. केवळ लघवीच्या पट्टीवर विसंबून राहिले असते, तर तो निसटण्याचाच संभव अधिक होता. म्हणून अहवाल नकारात्मक आला की ‘तो आजार नाही’ असे समजून कोणीही निश्चिंत होऊ नये. संशयास जागा असेल तर पुढील तपासणीविषयी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

पुढील तपासणी म्हणजे फुप्फुसातील स्रावाची. मुलांच्या बाबतीत अडचण अशी की, लहान मूल बेडका थुंकून टाकीत नाही, गिळून टाकते. तेव्हा तीव्र मिठाच्या पाण्याचा नेब्युलायझर देऊन खोकला आणवावा लागतो, किंवा मूल कृत्रिम श्वासावर असेल तर नळीतून स्राव घेतात. प्रसंगी दुर्बिणीने फुप्फुस धुऊन नमुना घ्यावा लागतो. पालक या प्रक्रियेस कचरतात, ते स्वाभाविक आहे. परंतु मूल गंभीर असेल आणि निदान अडले असेल तेव्हा अनुभवी हातांनी केलेली ही तपासणी बहुमोल ठरते. त्या नमुन्यावर जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी करता येते. तिचा निकाल लवकर मिळतो आणि योग्य संच वापरला तर ती पहिल्या गटापलीकडचे जिवाणूही दाखविते. अलीकडे मोठ्या शहरांत एकाच नमुन्यावर अनेक जंतू शोधणाऱ्या महागड्या तपासण्या मिळू लागल्या आहेत. त्या प्रत्येक संचात लिजिओनेला असतोच असे नाही. विशेषतः नाकातील स्रावावर होणाऱ्या काही संचांत तो नसतो. हजारो रुपये भरण्यापूर्वी एवढे एक वाक्य विचारून घ्यावे.

तिसरी तपासणी संवर्धनाची, म्हणजे जिवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहण्याची. यासाठी कोळशाची भुकटी आणि यीस्टचा अर्क घातलेले खास पोषणद्रव्य लागते आणि किमान तीन ते पाच दिवस, कधी अधिक, थांबावे लागते. नित्याच्या संवर्धनात हे पोषणद्रव्य वापरीत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘लिजिओनेलासाठी’ असे स्वतंत्र लिहिले नाही, तर प्रयोगशाळा तो शोधणारही नाही. शिवाय ज्या बेडक्यात पू-पेशी कमी असतात, तो निकृष्ट म्हणून टाकून देण्याचा प्रयोगशाळांचा प्रघात आहे. लिजिओनेलात मात्र पू-पेशी कमी असूनही जिवाणू असू शकतो. वेळखाऊ असली तरी या तपासणीस पर्याय नाही, कारण मुलात सापडलेला जिवाणू आणि टाकीत सापडलेला जिवाणू एकच आहे काय, हे ताडून पाहण्याचा तोच भरवशाचा मार्ग आहे.

निदानाची वाट पाहत उपचार थांबवून ठेवीत नाहीत. संशय बळकट असेल तर तज्ज्ञ अझिथ्रोमायसिन अथवा लिव्होफ्लॉक्सासिन यांपैकी योग्य ते औषध आधीच सुरू करतात, आणि तसेच करावयास हवे. विलंबाने धोका वाढतो. येथे एक तक्रार मांडल्यावाचून राहवत नाही. अझिथ्रोमायसिनची पाकिटे आपल्या घराघरांत पडून असतात. शेजाऱ्याने सांगितले, औषधाच्या दुकानात मिळाले, मुलास तीन दिवस दिले, ताप उतरला तर उत्तम, न उतरला तर डॉक्टर! यामुळे अर्धवट दबलेला जिवाणू संवर्धनात सापडेनासा होतो आणि डॉक्टरांसमोर येणारे चित्रही पुसट होते. शिवाय या औषधाने ताप उतरला म्हणजे लिजिओनेलाच होता, असेही सिद्ध होत नाही. शाळकरी मुलांत त्याहून कितीतरी अधिक आढळणारा मायकोप्लाझ्माही सहसा त्याच औषधाने बरा होतो. असे औषध दिलेच असेल तर लपवू नये. वरच्या रोजमेळात त्याचीही नोंद करावी.

घरातील पाण्याविषयी काही व्यावहारिक गोष्टी. बाळाच्या खोलीत थंड धुके सोडणारे यंत्र, माझ्या मते, ठेवूच नये. आपल्या हवेत त्याची गरज क्वचितच पडते. डॉक्टरांनी सांगितल्यावरून ठेवावेच लागले तर उकळून थंड केलेले पाणी रोज नवे भरावे आणि टाकी रोज रिकामी करून, धुऊन, कोरडी करावी. नेब्युलायझरचे भाग नळाखाली धरून ओलेच डब्यात बंद करणे ही सर्रास दिसणारी सवय सोडावी. निर्मात्याच्या सूचनेनुसार ते स्वच्छ करून अखेरीस उकळलेल्या पाण्याने खंगाळावेत व पूर्ण वाळू द्यावेत. औषधात मिसळावयाचे द्रावण तर निर्जंतुकच हवे. वाळ्याच्या कूलरमधून बारीक तुषार फारसे उडत नाहीत, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण त्याचे साचलेले पाणी वरचेवर बदलावे, डासांसाठीही ते आवश्यक आहेच. गीझर ६० अंशांवर ठेवणे योग्य. मात्र ते पाणी मुलाला भाजू शकते, म्हणून बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि हाताने पाहून मगच आंघोळ. बादली-तांब्याची आपली जुनी आंघोळ या बाबतीत शॉवरपेक्षा उजवी, कारण तुषार कमी उडतात. सुटीहून परतल्यावर पहिल्या दिवशी मुलांना थेट शॉवरखाली उभे करू नये. खिडकी उघडून, शॉवरचे तोंड बादलीत धरून, गरम व थंड दोन्ही नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. पाणी वाया जाते असे वाटेल. ते फरशी धुण्यास घ्यावे.

ज्यांची स्वतःची निवासगृहे, मंगल कार्यालये वा व्यापारी संकुले आहेत, तसेच जे गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनात आहेत, त्यांच्यासाठी एक निराळे निवेदन. गच्चीवरची टाकी वैशाखात तापते, ती वेळोवेळी साफ व्हावी आणि तिचे झाकण बंद असावे. वापरात नसलेल्या नळवाहिनीचे तुकडे काढून टाकावेत. मध्यवर्ती वातानुकूलनाचा पाण्याचा मनोरा असेल तर त्याची निगा जाणकाराकडेच सोपवावी. एखाद्या पाहुण्याच्या मुलाचे असे निदान झाल्याचे कळले, तर बदनामीच्या भीतीने ते दडवू नये. त्याच नळाखाली उद्या दुसरे मूल उभे राहणार असते. आरोग्य विभागास कळवून पाण्याचे नमुने तपासावेत.

राहिली रक्ताची तपासणी. आजाराच्या आरंभी एकदा आणि तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन प्रतिद्रव्ये चौपट वाढली काय, हे पाहतात. उपचार ठरविण्यास तिचा उपयोग नाही, कारण उत्तर येईतो मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागलेले असते. म्हणूनच दुसऱ्या नमुन्यास पुष्कळ कुटुंबे येत नाहीत. बरे झालेल्या मुलास पुन्हा सुई कशाला, असे वाटते. पण जेथे अन्य तपासण्यांतून काही निष्पन्न झालेले नसते, तेथे या दुसऱ्या नमुन्यामुळे तो आजार कोणता होता हे कळू शकते, आणि ज्या पाण्यातून तो आला ते शोधण्यास आधार मिळतो. पहिले रक्त देतानाच दुसऱ्याची तारीख विचारून घ्यावी आणि घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.